मिठाची खाण आणि दहा हजार वर्षं

न्यू मेक्सिकोत फिरायला आलेली आपली मराठी मंडळी कार्ल्सबॅडच्या गुहा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसून हजारो वटवाघळं बाहेर पडताना पाहायची आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या वाळूकडे गाडी वळवायची, हा ठरलेला कार्यक्रम. त्याच कार्ल्सबॅड गावापासून आग्नेयेला २६ मैलांवर, खुरट्या झुडपांच्या माळाखाली २,१५० फुटांवर आणखी एक गुहा आहे. ती माणसांनी खोदलेली आहे आणि तिथे पाहुण्यांची सरबराई होत नाही. तिचं सरकारी नाव ‘वेस्ट आयसोलेशन पायलट प्लँट’. सगळे तिला ‘विप’ म्हणतात. अमेरिकेने अण्वस्त्रं बनवताना प्लुटोनियमने बाटलेले हातमोजे, कपडे, हत्यारं, चिंध्या, गाळ अशा वस्तूंचे ढीग साठवले होते. ते पिंपांत भरून १९९९ पासून इथल्या मिठाच्या थरात पुरले जात आहेत.

या ‘विप’च्या सुरक्षिततेचे हिशेब तपासण्याच्या कामात १९९१ पासून मी सतरा वर्षं होतो. मी अणुशास्त्रज्ञ नव्हे. पुण्यात भूशास्त्र शिकलो, इथे येऊन भूजलावर पदवी घेतली आणि अल्बुकर्कीतल्या एका सल्लागार कंपनीत चिकटलो. बोअर खणताना निघालेल्या दगडांच्या नोंदी वाचायच्या, पाणी कुठून कुठे आणि किती वेगाने जाईल याची गणितं तपासायची, हे माझं काम. मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभं असताना कुणीतरी हटकून विचारायचं, “म्हणजे तुम्ही दहा हजार वर्षांची गॅरंटी देता म्हणा ना!” विचारणारा बहुधा कॉम्प्युटरवाला असे, आणि त्याच्या धंद्यात नव्वद दिवसांच्या गॅरंटीचीही मारामार. प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त होता. त्याचं उत्तर रांगेत उभं राहून देण्यासारखं नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो.

सुरुवात १९५५ सालची. अणुऊर्जा आयोगाच्या विनंतीवरून नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने प्रिन्स्टनला भूशास्त्रज्ञांची बैठक भरवली आणि विचारलं, हा कचरा जमिनीत कुठे ठेवावा? समितीचे प्रमुख हॅरी हेस. समुद्राचा तळ सरकतो हा विचार पुढे मांडणारे, तेच हे हेस. १९५७ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यात मिठाच्या थरांना पहिली पसंती होती.

आता मीठ पाण्यात विरघळतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग हा सल्ला कसा? तर तेच मिठाचं प्रमाणपत्र आहे. कार्ल्सबॅडजवळचं मीठ सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र आटून झालेलं आहे. इतक्या काळात त्याच्यातून वाहतं पाणी गेलं असतं तर ते आज तिथे दिसलंच नसतं. दुसरा गुण असा की एवढ्या खोलीवर, वरच्या दगडांच्या भाराखाली मीठ अगदी सावकाश, घट्ट मळलेल्या कणकेसारखं सरकतं. त्यात खोली खोदली की छत, जमीन आणि भिंती दरवर्षी काही इंचांनी जवळ येऊ लागतात. खाणवाल्यांना हा ताप. आम्हाला हेच हवं होतं. पिंपं ठेवून माणसं बाहेर पडली की मीठ आपणहून खोली मिटवून टाकतं.

बाकीच्या दगडांचाही विचार झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या भावंडात, तीव्र किरणोत्सर्गी कचरा ठेवायचा मोठा प्रकल्प चालू होता. १९८७ साली काँग्रेसने नेवाडातल्या युक्का माउंटनखेरीज बाकी सगळ्या जागा यादीतून काढल्या, त्यात तोही गेला. काळ्या कातळात वाढलेल्या माझ्यासारख्याला जरा वाईट वाटलं, पण बेसॉल्टच्या थरांमधल्या भेगा आणि त्यांतून फिरणारं पाणी आम्हा लोकांना सांगायला नको. आपल्याकडच्या विहिरी त्याच पाण्यावर चालतात.

मिठाचा दोष निराळा आहे. मीठ जिथे असतं तिथे माणसाला हवं असलेलं बरंच काही जवळपास असतं: तेल, नैसर्गिक वायू, पोटॅश आणि खुद्द मीठ. माणूस तिथे भोकं पाडायला येतोच. ही गोष्ट पहिल्यांदा महागात पडली कॅन्ससमध्ये.

कॅन्ससमधल्या लायन्स गावातल्या एका बंद मिठाच्या खाणीत १९६५ ते १९६७ प्रयोग झाले. अणुभट्टीत वापरलेलं इंधन आणि विजेच्या शेगड्या ठेवून मीठ तापल्यावर काय होतं ते पाहिलं. सारं ठीक दिसलं. तेवढ्यात ११ मे १९६९ रोजी डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्स कारखान्यात आग लागली. तिथे बाँबचे प्लुटोनियमचे भाग बनत. तिथला कचरा आयडाहोला जात असे आणि आगीनंतरचाही गेला. आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांनी ‘हा कचरा इथून कधी हलवणार?’ म्हणून आयोगाला धारेवर धरलं. आयोगाने दहा वर्षांत हलवू असं वचन दिलं. वचन दिलं म्हणजे जागा हवी. म्हणून १९७० साली घाईघाईने लायन्सचं नाव जाहीर झालं.

कॅन्ससच्या भूशास्त्र खात्याचे प्रमुख विल्यम हॅम्बल्टन म्हणाले, थांबा. त्या परिसरात तेलाच्या आणि वायूच्या जुन्या विहिरी होत्या आणि त्यांतल्या कित्येकांची नीट नोंद नव्हती. प्रत्येक विहीर म्हणजे मिठातून आरपार गेलेलं भोक. शेजारच्या दुसऱ्या खाणीत पाणी सोडून मीठ काढत होते, तिथे लाखाहून अधिक गॅलन पाणी जमिनीत गेलं आणि कुठे गेलं ते कुणाला सांगता येईना. १९७२ साली लायन्सचा नाद सुटला. मिठाने दगा दिला नव्हता. माणसांनी केलेल्या भोकांनी प्रकल्प बुडवला.

कार्ल्सबॅड इथे गोष्टीत येतं. या गावाचं पोट १९३० च्या दशकापासून पोटॅशच्या खाणींवर चालत होतं आणि साठच्या दशकात त्या उतरणीला लागल्या होत्या. लायन्सचं बिनसल्याचं कळताच गावातल्या काही पुढाऱ्यांनी आपणहून आयोगाला निमंत्रण धाडलं: आमच्याकडे मीठ आहे, खाणकामगार आहेत, या. आपण मराठी माणसं एन्रॉनपासून जैतापूरपर्यंतची आंदोलनं पाहिलेली. अणुकचऱ्याला कुणी अक्षत देऊन बोलावतं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पण काम संपलेल्या खाणकामगारांचं गाव पाहिलं की समजतं. अर्थात बोलावणं गावाचं होतं, साऱ्या राज्याचं नव्हे. सांता फे आणि अल्बुकर्कीतले लोक शेवटपर्यंत विरोधात होते, कारण ट्रक त्यांच्या रस्त्यांवरून जाणार होते.

१९७५ साली निवडलेल्या जागी ‘अर्डा-६’ नावाचं बोअर घेतलं. थर पुस्तकातल्यासारखे आडवे असतील अशी अपेक्षा होती. ते निघाले तिरपे, आणि खालून दाबाखालचं खारं पाणी आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वर आला. जागा सुमारे सात मैल नैर्ऋत्येला हलवली. तिथे सरळ थर मिळाले आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

राज्याने मात्र टाकला नाही. १९७८ साली न्यू मेक्सिकोसाठी ‘एन्व्हायर्न्मेंटल इव्हॅल्युएशन ग्रुप’ हा स्वतंत्र तपासनीस गट स्थापन झाला. पैसा केंद्राच्या ऊर्जा खात्याचा, पण चाकरी राज्याच्या जनतेची. रॉबर्ट नील प्रमुख होते, आणि लोकेश चतुर्वेदी नावाचे आपले भारतीय भूशास्त्रज्ञ त्यांचे उपप्रमुख झाले. १९८१ साली राज्याचे ॲटर्नी जनरल जेफ बिंगॅमन (पुढे ते सिनेटर झाले) यांनी ऊर्जा खात्यावर खटला भरला. तडजोड झाली आणि राज्याच्या आग्रहाखातर आणखी चाचण्या करायचं ठरलं. त्यांतलीच एक म्हणजे ‘विप-१२’ हे खाणीच्या उत्तरेला एक मैलावर असलेलं जुनं बोअर आणखी खोल नेणं. नोव्हेंबर १९८१ मध्ये मिठाखालच्या कॅस्टील थरात ड्रिल पोचलं आणि खारं पाणी उसळून वर जमिनीवर आलं. खाली लाखो बॅरल पाण्याचा साठा होता.

तपासनीस नसते तर ते बोअर तेवढ्यावरच राहिलं असतं. मग पिंपं ठेवायच्या खोल्यांची आखणी उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरवली. कागदावर ही एका ओळीची नोंद आहे. माझ्या मते ‘विप’च्या सबंध इतिहासातला सर्वांत उपयोगी खर्च कुठला, तर या शंकेखोर मंडळींचा पगार.

आता त्या दहा हजारांकडे वळू. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. १९८५ साली पर्यावरण संरक्षण संस्थेने, ई.पी.ए.ने, नियम केला: पुरलेल्या कचऱ्यातून दहा हजार वर्षांत किती किरणोत्सर्ग बाहेर पडू शकतो त्याची मर्यादा ठरवली. ती मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता दहात एकापेक्षा कमी हवी, आणि मर्यादेच्या दसपट बाहेर पडण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. दहा हजार वर्षंच का? चांगली जागा आणि वाईट जागा यांतला फरक दिसायला पुरेसा मोठा काळ, पण भूगोलच उलटापालटा होईल इतका मोठा नव्हे, असा तो विचार. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य मात्र २४,१०० वर्षं आहे. म्हणजे दहा हजार वर्षं सरली तेव्हा त्यातलं तीन चतुर्थांश अजून शिल्लकच. हे प्रथम कळलं की ऐकणारा चमकतो. कोर्टही चमकलं: युक्का माउंटनसाठी दहा हजारांची मुदत अपुरी असल्याचा निकाल २००४ साली लागला आणि २००८ साली तिथली मुदत दहा लाख वर्षं झाली. ‘विप’ला मात्र दहा हजारच लागू राहिली.

या मुदतीत काय होईल हे आम्ही सांगत नव्हतो. ज्योतिष आणि आमचा धंदा यांत फरक इतकाच की ज्योतिषी एकच भविष्य सांगतो. आम्ही शेकडो सांगायचो. मिठातून पाणी किती झिरपतं, पिंपं गंजून हायड्रोजन किती होतो, खारट पाण्यात प्लुटोनियम किती विरघळतं, यांतल्या कशाचाही एक आकडा पक्का नसतो. प्रत्येकासाठी कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा ठरवायची आणि तिच्यातून वेगवेगळे आकडे उचलून पूर्ण गणित पुन्हा पुन्हा करायचं. १९९६ च्या अर्जासाठी असे शंभर-शंभरचे तीन संच, म्हणजे तीनशे निरनिराळी जगं मांडली होती. प्रत्येक जगात दहा हजार वर्षं चालवून बघायची.

निष्कर्ष असा निघाला की खाणीला कुणी हात लावला नाही तर त्या मुदतीत मोजण्याजोगं काही बाहेर येत नाही. मीठ आपलं काम चोख करतं. मग हजारो पानं कशाची? हात लावणाऱ्याची. कायद्याने धरायचं होतं की खाण बंद झाल्यावर फार तर शंभर वर्षं पहारा टिकेल. त्यानंतर या जागेची आठवण विरलेली असेल आणि कुणीतरी तेलासाठी इथे बोअर घेईल. किती जण घेतील? गेल्या शंभर वर्षांत आजूबाजूच्या खोऱ्यात जितक्या विहिरी खणल्या गेल्या त्याच दराने. १९९६ साली तो दर आला दहा हजार वर्षांत दर चौरस किलोमीटरला ४६.८. शिवाय भविष्यातला माणूस आजच्यासारखाच धरायचा, म्हणजे इसवी सन ९००० मधला ड्रिलरही आजचंच यंत्र वापरणार! यावर हसणं सोपं आहे. पण तसं न ठरवावं तर प्रत्येक जण आपापलं भविष्य रचून हवं ते उत्तर काढू शकला असता. हा नियम मला कायम शहाणपणाचा वाटत आला.

ड्रिल पिंपांतून गेलं की थोडा कचरा चिखलाबरोबर वर येतो. तेच ड्रिल पुढे खाली जाऊन ‘विप-१२’ सारख्या खाऱ्या पाण्याच्या साठ्याला लागलं, तर दाबाने पाणी वर खाणीत शिरतं. माझी बरीच वर्षं या साठ्यात बुडाली. खाणीच्या नेमक्या खाली असं पाणी असण्याची शक्यता किती? ऊर्जा खात्याने ८ टक्के धरली होती. ई.पी.ए. म्हणाली, एवढी खात्री कुठून आली? १ ते ६० टक्क्यांच्या मधलं काहीही धरा आणि हिशेब पुन्हा करा. १९९७ साली तो पुन्हा झाला. ‘विप’ तरीही मर्यादेच्या पुष्कळ आत राहिला. त्या दिवसांत ८ टक्क्यांचे समर्थक आणि ६० टक्क्यांचे समर्थक अशी कँटीनमध्ये दोन वेगळी टेबलं असत. आकडा पटला नाही तरी चालतं, पण नापसंती गणितात घालून पाहायची, हे मी तिथे शिकलो.

विषयाचा एक भाग असा आहे की तो ऐकायला सगळ्यांना आवडतो: भविष्यातल्या माणसाला ‘इथे खणू नका’ हे सांगायचं कसं? १९९० च्या सुमाराला ऊर्जा खात्यासाठी सँडिया प्रयोगशाळेने भाषाशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, खगोलशास्त्रज्ञ, कलावंत अशा लोकांना एकत्र बसवलं. त्यांत व्हॉयेजर यानाबरोबर गेलेल्या तबकडीचं वेष्टन रंगवणारे जॉन लाँबर्गही होते. १९९३ साली अहवाल आला. कुणी सुचवलं काट्यांसारखे प्रचंड सुळके उभारा, कुणी चेहऱ्यांवर भीती आणि किळस कोरा म्हणालं. ऊर्जा खात्याच्या आराखड्यात शेवटी राहिलं ते मातीचं उंच कुंपण, ग्रॅनाइटचे खांब आणि सात भाषांतले मजकूर: संयुक्त राष्ट्रांच्या सहा आणि नवाहो.

तो अहवाल वाचताना मला कोकणातल्या गधेगाळी आठवल्या. शिलाहार राजांच्या काळात एखादी जमीन देवाला किंवा ब्राह्मणाला दान दिली की शिळा उभी करत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर दान अबाधित, मधे लेख, आणि खाली गाढव आणि बाई यांचं असं चित्र की दान मोडणाऱ्याच्या घराण्याला दिलेली शिवी निरक्षरालाही कळावी. सँडियाच्या तज्ज्ञांनी ज्या युक्त्या शोधल्या त्या सगळ्या तिथे होत्या: टिकाऊ दगड, चिन्ह, मजकूर, चित्र, भीती. आणि झालं काय? हजार वर्षंही पुरती झाली नाहीत, आणि त्यांतल्या कित्येक शिळा शेताच्या बांधावर पडल्या आहेत. काहींना शेंदूर लागला आणि त्या देव झाल्या. कुठली जमीन, कुणाला दिली, कुणी मोडायची नाही, हे गावाला ठाऊक नाही. मी हे कचेरीत सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने अहवालाच्या समासात ‘डाँकी स्टोन्स’ असं लिहून ठेवलं होतं. आमच्या सौ.ना मात्र ‘तुम्ही ऑफिसात असली चित्रं वर्णन करून सांगता?’ याचीच जास्त काळजी.

एक बारीक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. या खांबांमुळे पहिल्या काही शतकांत बोअर घेण्याचं प्रमाण खूप कमी होईल, असं धरू द्या अशी विनंती ऊर्जा खात्याने अर्जात केली होती. ई.पी.ए.ने ती साफ नाकारली. खांब जरूर उभारा, पण हिशेबात त्यांची किंमत शून्य. मला तो निर्णय अजूनही आवडतो. शब्दांवर विसंबायचं नाही आणि मिठावर विसंबायचं, असा त्याचा अर्थ.

मे १९९८ मध्ये ई.पी.ए.ने प्रमाणपत्र दिलं. कोर्टकचेऱ्या आटपून २६ मार्च १९९९ च्या पहाटे लॉस अलामॉसहून पहिला ट्रक आला. कार्ल्सबॅडचे लोक त्या थंडीत स्वागताला रस्त्यावर उभे होते. आयडाहोला दिलेल्या वचनाला तोवर जवळजवळ तीस वर्षं झाली होती.

पुढची पंधरा वर्षं शांततेची. या काळात, २००४ साली, राज्याचा तो तपासनीस गट पैसा थांबल्यामुळे बंद पडला. ‘विप’ सुरळीत चालला आहे, आता यांची काय गरज, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. मला वाटलं नाही.

५ फेब्रुवारी २०१४ रोजी खाणीत मीठ वाहणाऱ्या एका ट्रकला आग लागली. माणसं सुखरूप वर आली. नऊ दिवसांनी, १४ फेब्रुवारीला रात्री अकराच्या सुमारास, खाणीतला हवा तपासणारा भोंगा वाजला. खाली कुणी नव्हतं. हवा आपोआप गाळण्यांकडे वळली, पण झडपा पूर्ण बंद होत नसल्याने थोडी हवा गाळणी चुकवून बाहेर गेली. वीसहून अधिक कामगारांच्या तपासण्यांत अगदी सूक्ष्म प्रमाणात किरणोत्सर्ग आढळला. सुमारे अर्ध्या मैलावर न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्वतंत्र केंद्राचं हवा तपासण्याचं यंत्र होतं. त्याच्या गाळणीवर अमेरिशियम आणि प्लुटोनियम सापडलं. प्रमाण धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली होतं, पण ते तिथे असायलाच नको होतं.

चौकशीत एकच पिंप सापडलं: लॉस अलामॉसहून आलेलं, क्रमांक ६८६६०. त्यात नायट्रेटचे क्षार होते. ओल शोषायला असल्या पिंपांत किटी लिटर, म्हणजे मांजराच्या शौचासाठी घालतात ती माती, टाकायची पद्धत होती. माती खनिज असेल तर ती निर्धोक. पण कामाच्या सूचनापत्रात ‘इनऑरगॅनिक’च्या जागी ‘ऑरगॅनिक’ असा शब्द पडला आणि गव्हापासून बनवलेलं किटी लिटर आणलं गेलं. नायट्रेट आणि गव्हाचा भुसा एकत्र म्हणजे दिवाळीच्या फटाक्याचीच जात. पिंप आतून तापत गेलं, झाकण उचकटलं.

मी तोवर निवृत्त झालो होतो, पण फोन खणखणत राहिला. सगळ्यांचा सूर एकच: “काय हो, दहा हजार वर्षं म्हणत होतात, पंधरासुद्धा झाली नाहीत!” त्यावर तांत्रिक उत्तर आहे आणि ते खरंही आहे. दहा हजार वर्षांचा हिशेब खाण बंद झाल्यानंतरचा. चालू खाणीतल्या अपघातांचा हिशेब वेगळ्या लोकांनी वेगळ्या बाडांत मांडलेला होता. मिठाने कुठेही दगा दिला नाही. पण हे उत्तर देताना माझं मलाच ते पुरेसं वाटेना. वर्षानुवर्षं या प्रकल्पातली मोठी डोकी, मोठा पैसा आणि मोठा मान दूरच्या दहा हजार वर्षांना मिळाला. पिंप भरणाऱ्या माणसाच्या हातातला कागद कुणी वाचतं का, हा प्रश्न त्या मानाने कुणाला आकर्षक वाटला नाही. तपासनीस गट टिकला असता तर तो शब्द पकडला गेला असता, असं मी म्हणणार नाही. लॉस अलामॉसची पिंपं तपासणं त्यांच्या कक्षेत कितपत आलं असतं हा वादाचा मुद्दा आहे. मात्र चिंताग्रस्त लोकांना ज्या आकड्यावर विश्वास बसला तो विद्यापीठाच्या स्वतंत्र यंत्राचा होता, ऊर्जा खात्याचा नव्हे, हे त्या आठवड्यात मी कार्ल्सबॅडच्या ओळखीच्या लोकांकडून ऐकलं.

‘विप’ जवळजवळ तीन वर्षं बंद राहिला आणि जानेवारी २०१७ मध्ये पिंपं पुन्हा खाली जाऊ लागली. ऊर्जा खात्याने न्यू मेक्सिकोशी सुमारे ७ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली, त्यातला मोठा भाग रस्त्यांच्या कामावर. ज्या खोलीत ते पिंप होतं ती बंद करून टाकली.

प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नव्याने तपासलं जातं, हा या कायद्यातला चांगला भाग आहे. प्रत्येक वेळी बोअरचा तो दरही नव्याने काढतात. नव्या तंत्राने या खोऱ्यात तेलाची लाट आली आहे आणि १९९६ चा ४६.८ हा आकडा आता दुपटीच्या घरात गेला आहे. ‘विप’ची राखीव जमीन १६ चौरस मैलांची. तिच्या कुंपणाला लागून तेलविहिरींचे मनोरे उभे आहेत आणि रात्री कार्ल्सबॅडकडून त्या रस्त्याने गेलं की वायू जाळणाऱ्या ज्योती दोन्ही बाजूंना दिसतात. कुंपणाच्या आत तेवढा अंधार असतो.